मॅटवरून टर्फवर जाताना

गोव्यातल्या पेडण्याच्या मित्राने विचारलंय: आमची टीम आजवर मॅटवरच (काथ्याच्या चटईवर) खेळली, डिसेंबरात पहिल्यांदा टर्फवर (मातीच्या खऱ्या विकेटवर) मॅच आहे, टॉस जिंकला तर काय घ्यावं?

टॉसचं नंतर. आधी पाय बघा. आपल्याकडे मॅटखाली बहुतेक कडक जांभी जमीन असते. लेंथ (मधल्या टप्प्याचा) बॉलही पोटापर्यंत उसळतो, म्हणून आपण सगळे मागे सरकून कट-पुल मारायला शिकलेले. टर्फवर तोच बॉल गुडघ्याखाली राहतो. माझ्या पहिल्या टर्फ मॅचला मी ऐटीत पुल मारायला गेलो आणि बॉल सरळ पॅडवर. अंपायरचं बोट वर जायच्या आत मीच चालू लागलो. तेव्हा नेटमध्ये आठवडाभर फक्त पुढे येऊन सरळ बॅटने खेळा. बॉलरचंही तसंच. मॅटचा काथ्या बॉल धरतो, त्यामुळे कटर (बोटं फिरवून कापलेला बॉल) फुकटात वळतो. टर्फवर तो लाड नाही. टप्पा दोन हात पुढे टाका, शिवण उभी ठेवा.

आता टॉस. सकाळी दव असतं. पिचच्या कडेला अंगठा दाबून बघा. गारवा लागला, माती किंचित दबली, तर बॉलिंग घ्या, पहिला तास तुमचा. ठणठणीत असेल तर मुकाट्याने बॅटिंग. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की स्पिनरला वाऱ्याच्या तोंडावर लावा, बॉल हवेत रेंगाळतो. पावसाची चिंता डिसेंबरात नाही. ऑक्टोबर मात्र बेभरवशाचा: २०१० मध्ये फातोर्ड्याची भारत-ऑस्ट्रेलिया वनडे एकही बॉल न पडता गेली.

पण सगळं विकेटच्या माथी मारू नका. नोव्हेंबर २०२४, पर्वरी, रणजी प्लेट (रणजीचा खालचा गट), गोवा विरुद्ध अरुणाचल. अरुणाचल ८४ वर खलास, गोव्याच्या अर्जुन तेंडुलकरच्या २५ धावांत ५ विकेट. मग गोवा २ बाद ७२७: कश्यप बखले ३००, स्नेहल कवठणकर ३१४, दोघेही नाबाद, भागीदारी ६०६ ची. ओलावा गेला, विकेट सुधारली, असं म्हणावंसं वाटतं ना? त्याच विकेटवर अरुणाचल पुन्हा ९२ वर आटोपला. टॉसने फार तर तासाभराचा फायदा होतो, एक डाव आणि ५५१ धावांचा नाही.

आणि हो, स्पाइक्स (खिळ्यांचे बूट). मॅटवरचे रबरी बूट दवात घसरतात. स्पाइक्स उसने आणलेत तरी चालतील, फक्त आदल्या दिवशी घालून चार ओव्हर टाकून घ्या.