दफन रजिस्टरातलं वय: पुरावा की अंदाज?

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, दफन रजिस्टरांवरून पूर्वज शोधणाऱ्यांच्या पत्रांत तेच ते घोळ येतात. म्हणून ही उत्तरं एकत्र.

पणजोबांची नोंद कुठून शोधू? (कोडोली)
घरातून. मृत्यूचं अंदाजे साल, गाव आणि मंडळी ठरवा, मगच पाळकांना (मंडळीच्या धर्मगुरूंना) लेखी अर्ज द्या. ‘जरा आमचे पणजोबा बघा’ म्हटल्यावर कुणी पन्नास वर्षांची रजिस्टरं चाळून देत नाही.

१८२० पासूनच्या कोल्हापूर मिशनच्या नोंदींवरून वंशावळ करून देतो, असं एकजण म्हणतो. आगाऊ पैसे मागतोय. (शाहूपुरी)
देऊ नका. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले तेच १८५२ मध्ये. त्याआधीचं मिशनचं रजिस्टर या माणसाने आणलं कुठून? मूळ पानाचा फोटो आणि नोंदीचा अनुक्रमांक मागा. बहुधा पुन्हा फोन येणार नाही.

पणजोबांचा मृत्यू १९१८, वय ६०. म्हणजे जन्म १८५८ ना? (गडहिंग्लज)
नाही! दफन रजिस्टर दफनाचा पुरावा आहे, जन्माचा नव्हे. वय सांगतो मयताचा पुतण्या किंवा शेजारी, तोही अंदाजाने, म्हणून ४०, ५०, ६० असे गोल आकडे जागोजागी दिसतात. त्यात १९१८ हे इन्फ्लुएंझाचं साल. साथीत चारचौघांच्या नोंदी मागाहून एकदम लिहिल्या गेल्या असतील, हेही धरून चाला. तुमच्या पणजोबांचा जन्म १८४८ ते १८६८ असा ठेवा आणि बाप्तिस्मा, लग्न, शाळेचं जनरल रजिस्टर यांवरून तो आवळत आणा. मोठेपणी बाप्तिस्मा झाला असेल, तर ती तारीखही जन्माच्या जवळपास नसते. महिन्यांत लिहिलेलं तान्ह्या मुलाचं वय त्यातल्या त्यात भरवशाचं. आणि योहान, याकोब, शांतवन ही नावं एकेका गावात तीन-तीन सापडतात. बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, धंदा यांतल्या दोन गोष्टी जुळल्याशिवाय माणूस आपला म्हणू नका. इंटरनेटवरच्या दहा वंशावळींत एकच साल असलं, तरी नऊ जणांनी दहाव्याचं उतरवलेलं असू शकतं. शंका राहिली, तर जुनी रजिस्टरं वाचणाऱ्या जाणकाराला मूळ पान दाखवा.

मृत्यूची आणि दफनाची तारीख एकच धरावी का?
नाही. रकाने बहुधा वेगळे असतात, दोन्ही उतरवा.

नोंद आहे, थडगं नाही. नोंद खोटी? (शिरोळ)
नाही. सगळ्यांना दगड परवडत नव्हता, लाकडी क्रूस कुजतो, आणि जागा पुन्हा वापरली जाते.

फाटक्या पानांना चिकटपट्टी लावून लॅमिनेशन करून देऊ का?
हात लावू नका. पट्टीचा गोंद कागदात मुरतो, लॅमिनेशन सुटं करता येत नाही. पाळकांच्या परवानगीने फ्लॅश न वापरता फोटो काढा, तेही याच महिन्यात. पावसाळा थांबत नाही. डागडुजीचं कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात विचारा.

दफन रजिस्टरातला उतारा वारसनोंदीला चालेल का?
जोडपुरावा म्हणून द्या, पण मृत्यूचा दाखला जन्म-मृत्यू निबंधकाचाच. जुन्या काळासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात गावचं कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना १४, मागा. ते मोडीत असेल तर आधी शिक्क्याची नक्कल घ्या, मग लिप्यंतर करून घ्या आणि दोन्ही वकिलाला दाखवा.