चाचणी कोणत्या भाषेत घेणार, हे आधी विचारा

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा, मराठी शाळेत चौथीत. तोंडी हिशेब पटापट करतो, पण वाचायला बसला की अडखळतो. कन्नडचा पेपर तर कोराच. बाईंनी मानसशास्त्रीय तपासणी करायला सांगितलंय. तिथं काय करतात? पोरावर शिक्का बसेल का? – एक आई, खानापूर तालुका

उत्तर : ताई, शिक्का बसत नाही. या तपासणीत पास-नापास नसतं. पोरगं कुठं अडतंय आणि का, एवढंच त्यातून शोधायचं असतं. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं नीट दिसत नसेल, तर पुढच्या सगळ्या चाचण्यांचे निष्कर्ष चुकतात.

पहिल्या भेटीत बोलणं मुख्यतः तुमच्याशीच होतं, साधारण तासभर. बाळंतपण कसं झालं, पहिला शब्द कधी आला, झटके आले होते का, शाळा बदलली का, असं विचारतात. जाताना दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि वर्गातल्या वह्या न्या. श्रुतलेखनाची वही तर हवीच. घरी बसवून पुन्हा लिहून घेतलेली स्वच्छ वही उपयोगाची नाही. मुलाच्या चुकाच तिथं बघायच्या असतात.

मग बुद्धिमापन. ठोकळे जुळवणं, शब्दांचे अर्थ, आकडे ऐकून उलटे म्हणणं, असे छोटे भाग असतात. बहुतेक भागांत प्रश्न अवघड होत जातात आणि ओळीनं काही चुकले की तो भाग थांबवतात. म्हणजे न येणारे प्रश्न प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतातच. समोरचे मॅडम-सर ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ असं सांगत नाहीत. या दोन्ही गोष्टी पोराला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नाहीतर ते मध्येच हिरमुसतं. तुम्हाला बहुधा बाहेर बसवतील. आई समोर असली की मूल उत्तरासाठी तिच्या तोंडाकडे बघतं.

वाचन, लेखन, गणित शक्यतो दुसऱ्या दिवशी घ्यायला सांगा. दमलेल्या मुलाचा अर्ध्या तासानंतरचा निकाल त्याचा नसतोच. इथं चुकांची जात बघतात. ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’, ‘प्रकाश’चं ‘पकाश’, मात्रा गाळणं, ‘कमळ’ हा शब्द चौथीतही एकेक अक्षर लावून वाचणं, अशा खुणा पुन्हापुन्हा दिसल्या तर अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे बुद्धी असूनही वाचन, लेखन किंवा गणित जड जाण्याचा, विचार होतो. नुसती ऱ्हस्व-दीर्घाची चूक मोजू नका, ती मोठ्यांचीही होते.

आपल्या सीमाभागातली खरी अडचण भाषेची. घरी मराठी, शाळेत कन्नड हाही विषय, आणि चाचणी घेणाऱ्यांना सोयीची भाषा कन्नड किंवा इंग्रजी. प्रश्न जागच्या जागी तोंडी भाषांतर करून विचारला की त्याची काठिण्यपातळी बदलते, आणि मग गुणांचा तक्ता लागू पडत नाही. आजही बऱ्याच ठिकाणी वापरली जाणारी बिने-कामत ही बुद्धिमापनाची चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडला मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांवरच बेतली होती. आपल्याकडची म्हणून ती जवळची, पण तिची मोजपट्टी फार जुनी आहे. त्यामुळे कोणती चाचणी आणि का, हे बिनधास्त विचारा. मराठी बोलणारे तज्ज्ञ मिळालेच नाहीत, तर रेव्हनच्या आकृत्यांसारखी शब्दांविना घेतली जाणारी चाचणी जोडायला सांगा. चाचणी कोणत्या भाषेत झाली हे अहवालात लिहून घ्या.

कन्नडचा पेपर कोरा, एवढ्यावरून अध्ययन अक्षमता ठरत नाही. लिपी वेगळी आणि घरी सराव नाही, एवढंही कारण पुरतं. मूळ अडचण असेल तर ती मराठीच्या धड्यातही दिसते.

अहवालातल्या एका आकड्यावर घर डोक्यावर घेऊ नका. सरासरी १०० धरतात आणि सुमारे दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. ताप, अपुरी झोप, उपाशीपोट यानं गुण घसरतात. मूल आजारी असेल तर तारीख पुढं ढकला. आदल्या दिवशी इंटरनेटवरून सराव मात्र मुळीच करून घेऊ नका. खरं चित्र झाकलं जातं.

तज्ज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत का, ते बघा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते, पण परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक मिळायला सरकारी प्रमाणपत्र लागतं, खासगी अहवाल पुरत नाही. चौकशी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात (बिम्स) करा. धारवाडची डिम्हान्स ही सरकारी मनोआरोग्य संस्थाही दोनेक तासांच्या अंतरावर आहे.

प्रश्न : मला नैराश्याच्या उपचारात ‘टेस्टिंग’ लिहून दिलंय. शाईचे डाग दाखवून मनातलं सगळं ओळखतात म्हणे. सासरी कळेल का? – निपाणी

उत्तर : मन वाचणारी चाचणी जगात नाही. शाईच्या डागांची दहा कार्डं असतात, पण ती प्रत्येकाला दाखवत नाहीत. बहुतेकदा ‘गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती’ अशा प्रश्नावल्या असतात. काही प्रश्नावल्यांत उत्तरं एकमेकांशी जुळतात का हेही तपासतात, म्हणून चांगलं दिसायला लपवण्यात किंवा वाढवून लिहिण्यात नुकसान तुमचंच. प्रश्नावली मराठीत मागा. दुसऱ्या भाषेतलं दुहेरी नकाराचं वाक्य घाईत उलटं समजतं. नवऱ्याला किंवा नणंदेला भरायला देऊ नका. औषधं मनानं बंद करू नका.

गुप्ततेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलाय. जिवाला धोका असेल तेव्हा अपवाद होतो. मरणाचे विचार येत असतील तर तारखेची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर रात्री-अपरात्रीही फोन लागतो. तो मोफत आहे, मराठीत आणि कन्नडमध्येही बोलतात.

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे, शाळा दुसरीपर्यंत. विसरभोळेपणासाठी चाचणी सांगितलीय. ते घाबरलेत. – चिक्कोडी

उत्तर : आजचा वार, ठिकाण, तीन शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळानं सांगणं, घड्याळाचं चित्र काढणं, असं असतं. शंभरातून सात-सात वजा करणं कमी शिकलेल्याला जड जातं. त्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. शिक्षण किती ते आधीच सांगा, नाहीतर न शिकल्याचे गुण विसरण्याच्या खात्यात जातात. चष्मा, कानाचं यंत्र बरोबर न्या. बी-१२ आणि थायरॉईडची रक्ततपासणी आधी झाली तर बरं, त्यांच्या कमतरतेनंही विसर पडतो. विसर कधीपासून आणि कशात पडतो ते घरच्यांनी लिहून न्यावं : पैसे मोजताना, की नेहमीच्या वाटेवर?