सर्व्हरच्या सेटिंग्ज : ठरलेल्या आणि प्रत्यक्षातल्या

प्रश्न : आमच्या कंपनीत सुमारे दोनशे सर्व्हर आहेत. दरवर्षी बाहेरचे ऑडिटर येऊन सेटिंग्ज तपासतात आणि मोठी त्रुटी निघत नाही. तरीही रोजच्या तपासणीची व्यवस्था करावी का?

उत्तर : अवश्य करावी. ऑडिटरचा अहवाल ज्या दिवशी तपासणी झाली त्या दिवसापुरताच खरा असतो. शिवाय ऑडिटची तारीख आधी कळलेली असल्यामुळे त्यापूर्वीचे काही दिवस सर्व्हर नीटनेटके करण्यातच जातात. त्यानंतर एखाद्या रात्री अडचण सोडवण्यासाठी फायरवॉलचा नियम तात्पुरता शिथिल केला जातो, सकाळी काम सुरळीत चालू झालेले असते आणि तो नियम पूर्ववत करायचा कोणाच्या लक्षात राहत नाही. असे छोटे बदल साचत गेले की सारखे मानलेले सर्व्हर सारखे उरत नाहीत.

अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचे उदाहरण पाहा. तिथे आठ सर्व्हरवर नवा कोड चढवायचा होता. तो सातांवर चढला आणि आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या कोणी तरी पडताळणी करावी, असा लेखी नियमही नव्हता. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या आठव्या सर्व्हरवरचा, अनेक वर्षे न वापरलेला जुना कोड सुरू झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत झालेल्या व्यवहारांतून कंपनीला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाला. हा बदल सेटिंगचा नव्हता, कोडचा होता. पण आठही सर्व्हर सारखे आहेत का, एवढी एक तुलना बाजार उघडण्यापूर्वी झाली असती, तर फरक तिथेच दिसला असता.

प्रश्न : लिनक्स सर्व्हरवर पासवर्डने लॉगिन बंद केले आहे आणि आमची स्क्रिप्टही ‘योग्य’ असेच दाखवते. तरीही एका सहकाऱ्याने पासवर्ड वापरून लॉगिन करून दाखवले. हे कसे शक्य आहे?

उत्तर : तुमची स्क्रिप्ट बहुधा फक्त मुख्य कॉन्फिगरेशन फाइल वाचते आहे. दूरवरून सुरक्षित लॉगिन करू देणाऱ्या ओपनएसएसएच या प्रोग्रामच्या ८.२ या आवृत्तीपासून त्या फाइलमध्ये इतर फाइल जोडण्याची सोय आहे आणि अनेक लिनक्स वितरणांत ही जोडणी फाइलच्या अगदी सुरुवातीला केलेली असते. एकच सेटिंग दोनदा आली तर ओपनएसएसएच आधी आलेले मूल्य धरते. त्यामुळे क्लाउडवर सर्व्हर तयार होताना एखाद्या प्रोग्रामने या जोडलेल्या फाइलींच्या फोल्डरमध्ये ‘पासवर्ड चालेल’ असे लिहून ठेवले असेल, तर तुम्ही खाली कितीही स्पष्टपणे ‘नाही’ लिहिले तरी ते लागू होत नाही.

दुसरीही एक शक्यता आहे. पासवर्डची मुख्य सेटिंग बंद असली, तरी कीबोर्ड-इंटरॅक्टिव्ह (प्रश्न विचारून टाइप केलेले उत्तर घेणारी) ही पद्धत चालू असेल, तर पॅम या लिनक्सच्या ओळख-पडताळणी व्यवस्थेमार्फत पासवर्ड विचारला जाऊ शकतो. म्हणून या दोन्ही सेटिंग्ज एकत्रच तपासाव्यात.

यावरचा उपाय म्हणजे फाइलमधला मजकूर शोधण्याऐवजी एसएसएचडीलाच (ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा भाग) त्याची अंतिम सेटिंग्ज छापायला सांगणे. त्यासाठी इंग्रजी कॅपिटल ‘टी’ (sshd -T) हा पर्याय आहे. मात्र तोही डिस्कवरच्या फाइल वाचूनच उत्तर देतो, म्हणून बदलानंतर सेवा रीलोड झाली होती का, हेही पाहावे लागते. महत्त्वाच्या सर्व्हरबाबत मी याच्याही पुढे जाईन : दुसऱ्या मशीनवरून पासवर्डने लॉगिनचा प्रयत्न ठरावीक काळाने करावा आणि तो नाकारला जातो, याची नोंद ठेवावी. दार बंद आहे की नाही हे ते ढकलून पाहिल्यावरच कळते.

प्रश्न : सेटिंग बदललेली आढळली की ती आपोआप पूर्ववत करावी, की फक्त अलर्ट पाठवावा?

उत्तर : सुरुवातीला काही आठवडे फक्त निरीक्षण करावे. विंडोजमध्ये साधारण सर्व्हरवर ग्रुप पॉलिसी (अनेक संगणकांवर एकाच ठिकाणाहून सेटिंग्ज लागू करणारी सोय) दर ९० मिनिटांनी, त्यात ३० मिनिटांपर्यंतची भर पडून, ताजी होते. सेटिंग्ज सांभाळणाऱ्या पपेट या साधनाचा एजंट (प्रत्येक सर्व्हरवर चालणारा छोटा प्रोग्राम) मूळ मांडणीत दर अर्ध्या तासाने चालतो. म्हणजे चुकीचा नियम लिहिला गेला, तर तो तासा-दोन तासांत सगळीकडे पोचतो. ज्या सेटिंगवर कोणतेही अ‍ॅप्लिकेशन अवलंबून नाही, तिची दुरुस्ती आपोआप होऊ द्यावी. टीएलएसच्या (नेटवर्कवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या पद्धतीच्या) जुन्या आवृत्त्या बंद करण्यासारखे बदल मात्र माणसाने, संबंधित अ‍ॅप्लिकेशनच्या टीमला विचारून करावेत.

आपोआप झालेल्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद वाचली गेलीच पाहिजे. एकाच सर्व्हरवर तीच सेटिंग पुन्हा पुन्हा दुरुस्त होत असेल, तर एखादी व्यक्ती किंवा एखादा प्रोग्राम ती सतत बदलतो आहे आणि त्याचा शोध घेणे हेच खरे काम आहे. अलर्टबद्दलही एक आग्रह आहे : प्रत्येक अलर्टला जबाबदार व्यक्ती ठरलेली असावी. नाइट कॅपिटलमध्ये त्या दिवशी बाजार उघडण्यापूर्वी बिघाडाकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना गेले होते. त्यांवर कोणीही हालचाल केली नाही.

प्रश्न : भारतात यासंबंधी नेमके काय बंधनकारक आहे?

उत्तर : ते तुमच्या व्यवसायावर अवलंबून आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात आणि सर्व्हरची घड्याळे एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी जुळलेली असावी लागतात. कार्डाचे व्यवहार हाताळत असाल, तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकानुसार महत्त्वाच्या फाइलची तुलना आठवड्यातून किमान एकदा करावी लागते.

प्रश्न : आमचा डॅशबोर्ड ९६ टक्के अनुपालन (ठरलेल्या सेटिंग्जशी जुळणारे प्रमाण) दाखवतो. हे पुरेसे आहे का?

उत्तर : हा आकडा कशाच्या तुलनेत आहे, ते आधी पाहा. ज्या सर्व्हरवर एजंटच नाही, तो हिशेबात येत नाही आणि नेमका तोच सर्वाधिक दुर्लक्षित असतो. म्हणून डॅशबोर्डवरची यादी व्हर्च्युअलायझेशनच्या कन्सोलमधील, डीएनएसमधील आणि नेटवर्क स्कॅनमधील यादीशी दर आठवड्याला जुळवावी. उरलेल्या चार टक्क्यांत बॅनरचा (लॉगिनच्या वेळी दिसणाऱ्या सूचनेचा) मजकूर चुकला आहे, की रूटचे (सर्वाधिकार असलेल्या खात्याचे) थेट लॉगिन उघडे आहे, हे टक्केवारी सांगत नाही. सीआयएस या संस्थेच्या बेंचमार्कमधील (सुरक्षित सेटिंग्जच्या शिफारशींमधील) पहिली पातळी बहुतेक सर्व्हरना झेपते. दुसरी पातळी कडक असून तिच्यामुळे काही कामे अडू शकतात, त्यामुळे दोन्हींचे आकडे वेगळे दाखवावेत. मंजूर केलेला प्रत्येक अपवाद कारण, मंजुरी देणाऱ्याचे नाव आणि अंतिम तारीख यांसह नोंदवावा आणि ती तारीख उलटताच डॅशबोर्डने तो पुन्हा त्रुटी म्हणून मोजावा.