ओब्रायन आडनावाचे सगळे प्रसिद्ध लोक एकाच घराण्यातले आहेत का?

क्रिकेटपटू केव्हिन ओब्रायन, खासदार डेरेक ओब्रायन आणि लेखिका एडना ओब्रायन यांचे मूळ एकच आहे का, असे आपण विचारले आहे. हे आडनाव एका राजाच्या नावावरून पडले, हे खरे. पण ते लावणारा प्रत्येक जण त्या राजाचा वंशज आहे, असे मात्र धरून चालता येत नाही.

तो राजा म्हणजे ब्रायन बोरू. शॅनन नदीकाठच्या एका कुळातला हा सरदार आधी मन्स्टर प्रांताचा राजा आणि पुढे साऱ्या आयर्लंडचा अधिराजा झाला, आणि १०१४ साली डब्लिनजवळ क्लॉन्टार्फच्या लढाईत मारला गेला. ही लढाई आयरिश विरुद्ध व्हायकिंग अशी रंगवली जाते, पण लेन्स्टर प्रांताचे आयरिश सैन्यही त्याच्या विरोधात लढत होते. आयरिश भाषेत नावापूर्वी येणारा ‘ओ’ नातू किंवा वंशज दर्शवतो. ब्रायनच्या नातवंडांच्या बाबतीत तो शब्दशः खरा होता; पुढच्या पिढ्यांत त्याचेच वंशपरंपरागत आडनाव झाले.

१५४३ मध्ये या घराण्याचा प्रमुख मरो ओब्रायन याने आपले राजेपद इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या स्वाधीन केले आणि त्याच्याकडून थॉमंडचा अर्ल हा किताब स्वीकारला. मला या घराण्यातला सर्वांत विलक्षण माणूस वाटतो तो विल्यम स्मिथ ओब्रायन. १८०३ साली क्लेअर परगण्यातल्या ड्रोमोलंड येथे जन्मलेला हा प्रोटेस्टंट जमीनदार ब्रिटिश संसदेचा सदस्य होता, आणि तरीही दुष्काळाने होरपळलेल्या १८४८ सालात त्याने टिपेररीतील बॅलिनगॅरी येथे इंग्रज सत्तेविरुद्ध उठाव केला. उठाव लगेच फसला. राजद्रोहाबद्दल त्याला देहदंड ठोठावण्यात आला. नंतर ती शिक्षा बदलून त्याला आजच्या टास्मानियात काळ्या पाण्यावर पाठवले गेले. १८५६ मध्ये पूर्ण माफी मिळाल्यावर तो मायदेशी परतला. ज्या घराण्याने राजाकडून किताब घेतला, त्याच घराण्यात हा बंडखोर निपजला.

एडना ओब्रायन (१९३०–२०२४) यांचा जन्मही क्लेअरमधलाच, टुअमग्रेनी गावचा. त्यांची १९६० साली प्रसिद्ध झालेली पहिली कादंबरी आयर्लंडमध्ये बंदी घालण्याइतकी धीट ठरली. फ्लॅन ओब्रायन या प्रसिद्ध विनोदी लेखकाला मात्र या यादीतून वगळावे लागेल, कारण ते टोपणनाव होते. सरकारी नोकरीत असलेल्या या लेखकाचे खरे नाव ब्रायन ओनोलन.

केव्हिनला आपण ओळखतो ते २ मार्च २०११ रोजी बंगळूरमध्ये विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्याने ५० चेंडूंत झळकावलेल्या शतकामुळे. आयर्लंडचे पहिले कसोटी शतकही २०१८ मध्ये त्यानेच केले. यष्टिरक्षक नायल हा त्याचा सख्खा भाऊ, त्यामुळे निदान या दोघांच्या नात्याविषयी शंका नाही. डेरेक ओब्रायन कोलकात्याच्या अँग्लो-इंडियन कुटुंबातले, आणि त्यांचे वडील नील हे भारतातल्या प्रश्नमंजूषेच्या परंपरेचे एक आद्य प्रवर्तक. या घराचे आडनाव आयरिश पूर्वजाकडून आलेले आहे. पण म्हणून ते केव्हिनचे भाऊबंद ठरत नाहीत.

१८९० च्या जन्मनोंदींनुसार ओब्रायन हे आयर्लंडमधले सहाव्या क्रमांकाचे आडनाव होते. मूळच्या वेगळ्या आडनावांचे काही लोकही, इंग्रजीत नाव लिहिताना, जवळचे आणि भारदस्त म्हणून ओब्रायन लावू लागले. विशिष्ट कुटुंबाचा माग काढायचा झाला, तर मोठी अडचण अशी की १९२२ साली डब्लिनच्या सार्वजनिक अभिलेखागाराला लागलेल्या आगीत जुन्या दस्तऐवजांचा प्रचंड साठा नष्ट झाला. १९०१ आणि १९११ च्या जनगणनेचे तक्ते मात्र शाबूत असून आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येतात. सरकारी जन्मनोंदी सुरू होण्याआधीच्या, म्हणजे १८६४ पूर्वीच्या काळासाठी चर्चच्या बाप्तिस्मा-नोंदींचा आधार घ्यावा लागतो.