पार्क्स ऑन द एअरसाठी (पोटा, म्हणजे उद्यानात जाऊन तिथून हौशी रेडिओवर संपर्क साधण्याचा उपक्रम) उद्यानाची नेमकी हद्द फोनवर कशी आणायची?

ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी बनवलेल्या खुल्या नकाशातून हद्दीची रेघ ओव्हरपास टर्बो या वेबसाइटने शोधून काढा, जीपीएक्स फाइल (जागा आणि रेघा साठवणारी फाइल) म्हणून उतरवा आणि ऑसमअँड या नकाशाच्या अॅपमध्ये उघडा. नेटवर्क नसतानाही आपण आत आहोत की बाहेर ते दिसेल. ही खटपट करावी लागते, कारण पार्क्स ऑन द एअरच्या नकाशावर उद्यान म्हणजे फक्त एक टाचणी असते, आणि नियम मात्र कडक आहे: ऑपरेटर, रेडिओ, अँटेना, सगळं हद्दीच्या आतच हवं. टाचणीजवळ उभं राहणं पुरेसं नाही.

शोधताना हे टॅग (नकाशावर जागेचा प्रकार सांगणारे शब्द) इंग्रजीत लिहून वापरा:
- बाउंड्री = नॅशनल_पार्क
- बाउंड्री = प्रोटेक्टेड_एरिया
- लेझर = नेचर_रिझर्व्ह किंवा पार्क

एकाने नाही मिळालं तर दुसऱ्याने बघा. एकाच प्रकारची जागा वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या टॅगने नोंदवलेली असते. मोठ्या उद्यानांची हद्द बहुधा मल्टिपॉलिगॉन रिलेशन (अनेक रेघा जोडून बनलेला एकच आकार) असते, तिच्या आतल्या रिकाम्या जागा म्हणजे उद्यानाबाहेरची जमीन. त्या नीट पाहा!

मात्र ही रेघ स्वयंसेवकांनी आखलेली आहे, कायदेशीर नाही. कडेला बसणार असाल तर वनखात्याचा नकाशा किंवा अमेरिकेत असाल तर यूएसजीएस या तिथल्या सरकारी संस्थेचा पॅड-यूएस हा संरक्षित जागांचा डेटा पडताळा, नाहीतर सरळ शे-दोनशे मीटर आत सरका.