लक्ष्मीपुरी सोडायची का?

प्रश्न : कोल्हापुरात राजारामपुरीत राहते. महिन्याचा सगळा बाजार आता लक्ष्मीपुरीच्या बाजारपेठेऐवजी एकाच मोठ्या चेनच्या दुकानातनं होतोय, स्वच्छ आहे, उभं राहावं लागत नाही, पण परवा शेंगतेलाला लेबलवर एक दर आणि बिलात १२ रुपये जास्त, आणि आजरा घनसाळ हा वासाचा तांदूळ मागितला तर पोरगं नुसतं बघत राहिलं. काय करू?

उत्तर : ताई, लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि काउंटरवरच बिल दुरुस्त करून मागा, लाजू नका, नाहीच ऐकलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. आणि ऑफर बघायच्या आधी पाकिटावर छापलेला किलोचा किंवा ग्रॅमचा दर बघा, मोठं पाकीट स्वस्त पडतंच असं नाही. साबण, पावडर तिथनं घ्या की. घनसाळ मात्र लक्ष्मीपुरीतच, मूठभर हातात घेऊन वास बघितल्याशिवाय मी तरी घेत नाही.