बाई असून नायक म्हणून गाजलेली याम किम-फाय कोण होती?

तुम्ही विचारलंय की हाँगकाँगच्या जुन्या कँटोनीज चित्रपटांत राजपुत्राचं, विद्वान तरुणाचं काम करणारी ती बाई कोण, आणि प्रेक्षकांना ते खटकत कसं नव्हतं. ती याम किम-फाय. जन्म १९१३, दक्षिण चीनच्या क्वांगतुंग प्रांतातला. मृत्यू १९८९, हाँगकाँगला.

खटकण्याचं म्हणाल तर माझाच किस्सा सांगतो. नोकरीनिमित्त काही वर्षं हाँगकाँगला होतो. शेजारच्या आजी दुपारी दार उघडं ठेवून भाजी निवडत बसायच्या, बाजूला रेडिओ. एक ठरावीक गाणं लागलं की हातातली जुडी तशीच राहायची. माझं कँटोनीज बाजारापुरतंच. मी विचारलं, हा गाणारा कोण? आजी खळखळून हसल्या. म्हणाल्या, गाणारा कसला, ही तर याम-जे. 'जे' म्हणजे थोरली बहीण, आपल्या भाषेत यामताई.

म्हणजे माझ्या कानाला ते खटकलंच नव्हतं. त्याचं कारण गाण्याच्या पद्धतीत आहे. पूर्वी कँटोनीज ऑपेरात, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकात, नायकही चढ्या, काढलेल्या आवाजात गायचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत नायकाचं गाणं नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत उतरलं. त्याला 'पिंग हाउ' म्हणतात. नायिकेचा बारीक, उंच आवाज मात्र तसाच राहिला. त्यामुळे जिचा आवाज मुळात जरा खालचा, रुंद, अशा बाईला नायक गाताना ओढाताण करावी लागत नाही. यामचा आवाज नेमका तसाच होता.

आपल्याला इथे बालगंधर्व आठवणारच, फक्त गोष्ट उलटी. स्त्री-पुरुषांनी एकाच रंगमंचावर उभं राहायला तिकडे बंदी होती. म्हणून पुरुषांच्या वेगळ्या मंडळ्या, बायकांच्या वेगळ्या; आणि बायकांच्या मंडळीत राजा, सेनापती, प्रियकर सगळं बायकाच करणार. यामने तशाच मंडळीत वोंग लुइ-हाप या बाईंच्या हाताखाली नायकाची तालीम घेतली. क्वाय मिंग-यंग या नटाची ढब तिने इतकी उचलली की लोक तिला 'बाईतला क्वाय मिंग-यंग' म्हणू लागले. हाँगकाँगने १९३३ साली बंदी उठवली. आता खरे पुरुष नायक बायकांसोबत उभे राहू शकत होते, तरी यामची जागा कुणी घेतली नाही. मला तिच्या कारकिर्दीतली हीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

जपानने हाँगकाँग घेतलं त्या काळात ती मकावमध्ये होती. मकाव तेव्हा गोव्यासारखंच पोर्तुगीजांचं, आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ, त्यामुळे तिथे नाटकं चालू राहिली. तिथेच बाक शुत-सिनशी जोडी जमली. बाक तिच्याहून बरीच लहान, नामवंत गायकनट बाक कुइ-विंग यांची मुलगी. पुढे 'याम-बाक' हा एकच शब्द झाला.

१९५६ साली दोघींची सिन फुंग मिंग मंडळी निघाली, लेखक टाँग टिक-साँग. १९५७ च्या त्यांच्या 'ताय नुय फा' या नाटकातलं ते आजींचं गाणं. गोष्ट चीनच्या मिंग राजघराण्याच्या शेवटच्या राजकन्येची. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून बापच तिच्यावर तलवार उगारतो. ती वाचते. नव्या सम्राटाकडून बापाचं रीतसर दफन आणि भावाची सुटका पदरात पाडून घेते, आणि लग्नाच्या रात्री नवरा-बायको विष घालून दारू पितात. १९५९ च्या सप्टेंबरात ली थिएटरमध्ये नव्या नाटकाचा पहिला प्रयोग चालू असताना टाँग प्रेक्षागृहातच कोसळले आणि त्यातच गेले. वय अवघं ४२. दोनेक वर्षांत मंडळीचे प्रयोगही थांबले.

यामच्या चित्रपटांचा आकडा मात्र ३०० च्या वर. दचकू नका, त्या काळी आठवड्यात उरकलेल्या चित्रपटांना 'सात दिवसांचा ताजा माल' म्हणायचे. त्यातले पुष्कळ आज बघवत नाहीत, हे माझं प्रामाणिक मत. पण विनोदी प्रसंगात ती बावळट विद्यार्थी होते ना, तेव्हा हसू आवरत नाही. काही चित्रपटांत तिने बाईचीही कामं केली आहेत. शेवटचा चित्रपट १९६८ चा, कवी असलेला राजा ली यू याच्यावरचा.

याम-बाकच्या शिष्यांच्या मंडळीचं नाव चोर फुंग मिंग. हसू नका, 'चोर' म्हणजे पिल्लू. त्यातली नायक झालेली लुंग किम-साँग हीसुद्धा बाईच.

बघायचंच असेल तर 'ताय नुय फा'चा १९५९ चा चित्रपट शोधा आणि थेट शेवटाकडे जा. लांब पांढऱ्या बाह्या याम कशी झटकते, कशी आवरते ते बघा. आणि एकदा डोळे मिटून नुसतं ऐका.